पोबारा : सारीपाटातल्या एका दानाचा प्रवास

#थ्रेड #इतिहास #सारीपाट

‘पोलीस येताच चोरट्यांनी पोबारा केला.’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांत आठवड्यातून एकदा तरी छापून येते. हिंदीत मात्र ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणे, पाचही बोटे तुपात असणे. एका भाषेत पळ काढणे आणि दुसऱ्या भाषेत भाग्य उजळणे, असे हे दोन अर्थ आहेत. दोन्ही शब्दप्रयोग मात्र एकाच पटावरून उठलेले आहेत. सारीपाटात तीन फासे टाकल्यावर एकावर एक आणि उरलेल्या दोहोंवर सहा-सहा आले की त्या दानाला पौबारा म्हणत. पौ म्हणजे एक, आणि दोन सहांचे बारा.

आज हा शब्द वापरणाऱ्या शंभरांपैकी क्वचित एखाद्याने ते दान पडताना पाहिले असेल. शब्द उरला आहे, खेळ जवळजवळ गेला आहे. म्हणून हा खेळ नेमका कसा खेळत, आणि त्याचा लुडो झाला तेव्हा त्यातून काय गळून पडले, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी सुरुवात सोलापूरच्या परिसरातून करणे सोयीचे, कारण इथे देवही सारीपाट खेळतात.

सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरवर तुळजापूर. तिथे भवानीच्या देवळाच्या आसपासच्या मठांपैकी एक भारतीबुवांचा मठ. देवी या मठात भारतीबुवांशी सारीपाट खेळायला येत असे, अशी आख्यायिका तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. महिषासुराला मारणारी, हाती शस्त्रे धरणारी ही देवता. पण दिवसाचा राबता संपला की तिलाही कुणाच्या तरी समोर बसून चार डाव टाकावेसे वाटतात. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा म्हणता येत नाही. ज्या समाजाने ती रचली त्याच्या घरात संध्याकाळ कशी जात होती, एवढे मात्र तिच्यावरून कळते.

दुसरी कथा खंडोबाची. सोलापूरला लागूनच असलेल्या बाळ्याचा खंडोबा शहरात सर्वांना माहीत आहे. चंपाषष्ठीच्या सुमारास तिथे भंडारा उधळतो. वाघ्या-मुरळींच्या जागरणात जी कथा गातात, तिच्या एका रूपात खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट मांडून बसतात. देव हरतो. पणाप्रमाणे त्याला बारा वर्षे घर सोडून जावे लागते. तो धनगराच्या वाड्यावर मेंढ्या राखायला राहतो आणि तिथे त्याला बाणाई मिळते. बाणाईसाठीच देव मुद्दाम हरला, असेही सांगणारे आहेत.

ही कथा महाभारतातील द्यूताशेजारी ठेवून पाहावी. तिथे राजे खेळतात, सभा पाहते आणि पत्नी पणाला लागते. इथे पत्नी स्वतः पटावर बसते, जिंकते आणि नवऱ्याला वनवासाला पाठवते. एका कथेत खेळ हा सत्तेचा प्रसंग आहे, दुसऱ्या कथेत घरातला. लोककथेने सारीपाटाला जुगाराच्या अड्ड्यावर न ठेवता नवरा-बायकोच्या मध्ये मांडले, ही गोष्ट लहान नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १९८८ साली दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झाले आणि शकुनी म्हटले की फुलीच्या आकाराचा पट, सोंगट्या आणि लांबट फासे हे चित्र घरोघर पक्के झाले. चित्रांत आणि नाटकांत ते त्याआधीही होते. पण वैदिक काळातला द्यूत हा पटावरचा शर्यतीचा खेळ नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका हरलेल्या जुगाऱ्याचे प्रसिद्ध सूक्त आहे. त्यातले ‘अक्ष’ म्हणजे विभीतकाची, म्हणजे आपल्या बेहड्याची फळे. ती मूठभर टाकायची, मोजायची आणि संख्येवरून हारजीत ठरवायची. त्यात सोंगटी नव्हती आणि तिने चालायचे घरही नव्हते.

मराठीच्या आरंभकाळातही हा जुगार भेटतो. चक्रधरांच्या चरित्रात हरिपाळदेव जुगारात हरतो, पैसे फेडण्यासाठी पत्नीकडे दागिने मागतो, ती नकार देते आणि त्याला वैराग्य येते. महानुभाव परंपरेतला हा प्रसंग सर्वश्रुत आहे. पण तोही द्यूताचाच. सारीपाट आणि द्यूत यांची गल्लत आपल्याकडे जुनी आहे आणि तिची किंमत या खेळाने बराच काळ मोजली आहे.

मग फाशांचे काय? फासे मात्र फार प्राचीन आहेत. मोहेंजोदडोच्या उत्खननात सहा बाजूंचे घनाकार फासेही सापडले आणि लांबट कांडीसारखेही. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात (क्रमांक २१) शिव-पार्वती फासे खेळत बसल्याचा देखणा शिल्पपट आहे. तोच विषय रावण की खाईत (१४) आणि धुमार लेण्यातही (२९) कोरलेला आहे. रामेश्वर लेण्याचा काळ साधारण सहावे शतक. डाव हरलेला शंकर आणि उठू पाहणारी पार्वती यांच्यातला रुसवा-फुगवा त्या कारागिरांनी असा पकडला आहे की म्हाळसेची कथा तिथूनच निघाली असावी असे वाटावे. बलिप्रतिपदेला ‘द्यूतप्रतिपदा’ म्हणतात, त्यामागेही हेच दांपत्य आहे. आणि कोजागरीच्या रात्री जागरणासाठी अक्षक्रीडा करावी असे धर्मशास्त्रच सांगते. आटीव दुधाचा भाग तेवढा आपण राखला.

आपण ज्याला सारीपाट म्हणतो, त्याचे तपशीलवार वर्णन हाती येते ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त. तो याला चौपड म्हणतो. पटाचा आकार, सोळा सोंगट्या, तीन फासे आणि चालीचे नियम हे सारे त्याने लिहून ठेवले. अकबराला हा खेळ इतका प्रिय की सोळा भुजांचा पट, सोळा खेळाडू आणि चौसष्ट सोंगट्या असा ‘चंडाळ मंडळ’ नावाचा विस्तारही त्याने काढला. फतेहपूर सिक्रीच्या अंगणातला दगडी पट आजही दाखवतात. तिथे सोंगट्यांच्या जागी माणसे उभी करत, ही गोष्ट मात्र वाटाड्यांच्या तोंडची म्हणून ऐकावी.

आता पट उलगडू. ‘सारी’ हा शब्द संस्कृत ‘शारि’वरून आलेला, शारि म्हणजे सोंगटी. पट म्हणजे वस्त्र. नावातच कापड आहे. लाकडी फळीऐवजी कापडाचा पट शिवण्यामागे साधी सोय होती : घडी घातली, फासे-सोंगट्या त्यातच गुंडाळल्या आणि पेटीत टाकल्या. प्रवासात, छावणीत, माहेरी नेता येणारा हा खेळ होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या खेळांचे साहित्य आहे. जिच्या नावावर आज चादर ओळखली जाते, त्या सोलापूरच्या वाचकाला कापडावर विणलेला किंवा भरलेला खेळ ही कल्पना परकी वाटणार नाही.

पटाला चार भुजा असतात, अधिक चिन्हासारख्या. प्रत्येक भुजेत तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ घरे. म्हणजे एका भुजेत चोवीस, चार भुजांत शहाण्णव. मध्यभागी मोठा चौक, तेच अंतिम घर. सोंगट्या चार रंगांच्या, प्रत्येक रंगाच्या चार. बहुधा तांबड्या, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. प्रचलित मांडणीत पिवळ्या-काळ्यांची एक जोडी आणि तांबड्या-हिरव्यांची दुसरी.

सोंगटीचा पूर्ण मार्ग असा : चौकातून निघून स्वतःच्या भुजेच्या मधल्या ओळीने खाली यायचे, मग साऱ्या पटाच्या बाहेरच्या कडेने प्रदक्षिणा घालायची, पुन्हा आपल्याच भुजेच्या टोकाशी पोचायचे आणि मधल्या ओळीने वर चढून चौकात शिरायचे. आकडेमोड कुणीही करून पाहावी. उतरताना आठ घरे, प्रदक्षिणेची अडुसष्ट, चढतानाची सात आणि शेवटचे पाऊल चौकात : एकूण चौऱ्याऐंशी. हा आकडा ऐकताच चौऱ्याऐंशी लक्ष योनी आठवल्या नाहीत तर तो श्रोता भारतीय नव्हे. उत्तरेतल्या संतांनी आणि सुफींनी चौसराला जन्ममरणाच्या फेऱ्याचे रूपक केले, त्यात या हिशेबाचा वाटा मोठा आहे.

कवड्यांच्या पचिशीत चारही सोंगट्या या मार्गावर चौकातूनच निघतात. फाशांच्या खेळात मात्र त्या आरंभीच पटावर मांडलेल्या असतात. अबुल फजलच्या वर्णनानुसार दोन सोंगट्या मधल्या ओळीच्या सहाव्या-सातव्या घरात आणि दोन उजव्या ओळीच्या सातव्या-आठव्या घरात. लुडोत सहा पडेपर्यंत हात चोळत बसावे लागते, तसा प्रकार इथे नाही. पहिल्या दानापासून खेळणारा खेळात असतो.

फासे तीन (काही ठिकाणी दोन). हस्तिदंताचे, हाडाचे किंवा लाकडाचे. बोटाएवढे लांब आणि चौकोनी छेदाचे. टोकांवर ते उभे राहत नाहीत म्हणून चारच बाजू कामाच्या. त्यांवर एक, दोन, पाच आणि सहा ठिपके. तीन आणि चार नाहीत. हा अभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्यामुळे फाशावर मधले काही पडतच नाही. एकतर सोंगटी मुंगीच्या पावलाने सरकते, नाहीतर उडी घेते. आणि गंमत अशी की या चार आकड्यांची सरासरी साडेतीनच येते, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाएवढीच. सरासरी तीच, स्वभाव वेगळा.

फासे तळहातांत घोळवून पटावर घरंगळत सोडायचे. समजा सहा, पाच आणि एक पडले. आता हे बारा एकाच सोंगटीने चालायचे, की तीन सोंगट्यांत वाटायचे, की एकीने अकरा आणि दुसरीने एक? शत्रूची एकटी सोंगटी सहा घरांवर उभी आहे. ती मारता येते. पण सहाने तिथे गेलेली आपली सोंगटी मग उघडी पडते, कारण मागे पाच घरांवर दुसऱ्या शत्रूची सोंगटी टपलेली. तेवढ्यात दिसते की आपली मागची सोंगटी पाचाने पुढे आली तर ती आणखी एका सोंगटीच्या शेजारी पोचते, पण अगदी एक घर कमी पडते; ते एक हाताशी आहेच. मग सहा कुणाला द्यायचे? दान दैवाने दिले. वाटणी मात्र खेळणाऱ्याची. सारीपाटाचा सारा जीव या वाटणीत आहे.

एकाच घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचा जुग होतो. एकटी सोंगटी मारता येते. मेलेली सोंगटी पटावरून उठते आणि तिला पुन्हा आरंभापासून चालावे लागते. जुगाला मात्र एकटी सोंगटी मारू शकत नाही. त्याला मारायचे तर समोरूनही जोडीच यावी लागते. कवड्यांच्या पचिशीत फुलीची घरे असतात, तिथे सोंगटी सुरक्षित. फाशांच्या जुन्या चौपडीत अशी सुरक्षित घरे नाहीत. जमिनीवर आसरा नाही, सोबतीत आहे. ‘जुग फुटणे’ हा शब्दप्रयोग इथलाच, आणि जुग फुटल्यावर सोंगटी मरते ही गोष्ट पटावर बसलेल्या पोरालाही कळत असे.

आता पौबाराकडे परत येऊ. तीन फाशांच्या चौसष्ट शक्यतांपैकी फक्त तीन शक्यतांत एक-सहा-सहा पडते, म्हणजे साधारण एकवीस दानांत एकदा. तीन सहा पडले तर घरे अठरा मिळतात. मग तेरा घरे देणाऱ्या दानाचे एवढे कौतुक का? उत्तर जुगात सापडते. दोन सहा पडले की जुगातल्या दोन्ही सोंगट्या सहा-सहा घरे चालून पुन्हा एकाच घरात भेटतात. जुग न फुटता धोक्याच्या टप्प्यातून जोडीने निसटतो. आणि उरलेला एक? तो मागे राहिलेल्या एखाद्या सोंगटीला एका पावलाने जागा सुधारू देतो. लांब धाव आणि नाजूक डागडुजी, दोन्ही एका दानात.

हिंदीने यातले भाग्य उचलले. मराठीने धाव उचलली. पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या टप्प्याबाहेर जाणे, हे पटावरचे दृश्य डोळ्यांपुढे आणले की ‘पोबारा करणे’ याचा अर्थ पळून जाणे असा का झाला याचे कोडे उरत नाही. हिंदीत याच्या उलट दानालाही म्हण आहे, ‘तीन काने’, म्हणजे तिन्ही फाशांवर एक. ती मराठीत रुळली नाही. आपण पळण्यातच समाधानी राहिलो असे कुणी म्हटले तर रागावू नये.

भाषेत या पटाची इतर सोंगटीही विखुरलेली आहेत. फासे उलटे पडणे, डाव साधणे, पट उधळणे, कुणाला सोंगटीसारखे नाचवणे. राजकीय अग्रलेख या शब्दांवाचून उभा राहत नाही. खेळ ठाऊक नसलेले संपादकही बिनदिक्कत सोंगट्या हलवत असतात.

फासे ही सरदार-दरकदारांची चैन असली तरी कवड्या सर्वांच्या. सहा कवड्यांच्या पचिशीत जितक्या कवड्या उताण्या पडतील तितकी घरे. एकच पडली तर दहा आणि एकही नाही पडली तर पंचवीस. त्या पंचवीसवरूनच खेळाचे नाव. कवड्या नसतील तर चिंचोके फोडून घ्यावेत : एक बाजू पांढरी, एक तपकिरी. पट नसेल तर खडूने किंवा कोळशाने फरशीवर रेघा. खर्च शून्य.

सोलापुरात या स्वस्त खेळाला तीन भाषा मिळाल्या. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, उभी राहिली. हातमाग आणि गिरण्यांच्या या शहरात तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने येऊन वसले. पूर्व भागात आजही तेलुगू कानी पडते. सीमेपलीकडून आणि सिद्धेश्वराच्या परंपरेतून कन्नड तर आधीपासूनच घरात होती. पाच बाय पाच घरांचा, चार कवड्यांचा एकच लहान खेळ तेलुगूत अष्टाचम्मा, कन्नडमध्ये चौकाबारा किंवा कट्टेमने आणि मराठीत चल्लस आठ. चारही कवड्या उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. तेलुगू नावातले ‘अष्टा’ आणि मराठी नावातले ‘आठ’ ते हेच. कन्नडमध्ये मोठ्या सारीपाटाला पगडे म्हणतात. तेलुगूत फाशाला पाचिका. मराठी फासा आणि तो, दोघेही संस्कृत ‘पाशक’ची लेकरे. तीन भाषांतल्या बायका एका फरशीभोवती बसल्या तरी मोजणीपलीकडे दुभाष्याची गरज पडू नये, इतके हे नियम एकमेकांचे सख्खे.

चल्लस आठ हा सारीपाटाचा बाळबोध अवतार. त्यात सोंगटी बाहेरच्या कडेने एक फेरी पुरी करून आतल्या फेरीत वळते आणि मधल्या घरी पोचते. बऱ्याच घरांत नियम असा की एकदा तरी शत्रूची सोंगटी मारल्याशिवाय आत वळता येत नाही. सज्जनपणाने कडेकडेने फिरत राहणाऱ्याला मोक्ष नाही! हा नियम कुणी केला कोण जाणे, पण ज्याने केला त्याने माणसे पाहिली होती.

यानंतरची गोष्ट इंग्लंडात घडते. कवड्यांची पचिशी साहेबांच्या घरांतून परदेशी गेली. अमेरिकेत १८७४ मध्ये ‘पार्चिसी’ या नावाने ती नोंदवली गेली. इंग्लंडात १८९६ मध्ये ‘लुडो’चे पेटंट घेतले गेले, लॅटिनमध्ये ‘लुडो’ म्हणजे ‘मी खेळतो’. भुजेतली घरे आठांवरून सहावर आली, शहाण्णवांची बहात्तर झाली. कवड्यांच्या जागी एकच घनाकार फासा. मग हाच खेळ पुठ्ठ्यावर छापून, रंगीत होऊन, मागच्या बाजूला सापशिडी घेऊन भारतात परतला आणि शाळेच्या सुटीत घरोघर शिरला.

लुडोचा द्वेष करण्याचे कारण नाही. त्याने हा सांगाडा जगवला. पण एका फाशाने वाटणी संपवली. सहा पडले तर सहा, कुठली सोंगटी एवढाच प्रश्न. प्रचलित लुडोत जुगाचेही महत्त्व ओसरले. आसरा सोबतीऐवजी छापील ताऱ्यात आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भिडू गेला. घरोघरच्या लुडोत चौघे एकमेकांचे शत्रू असतात. सारीपाटात ज्याच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या तो एकटा जिंकत नाही. भिडूच्या पोचेपर्यंत डाव चालूच. म्हणून मुरलेला खेळाडू आपली शेवटची सोंगटी चौकात घालायची घाई करत नसे. ती बाहेर ठेवून, मार खाण्याचा धोका पत्करून, भिडूच्या मागे लागलेल्याची वाट अडवत असे. जिंकता येत असताना थांबणे हा त्या खेळातला सर्वांत अवघड डाव. लुडोत त्याला जागाच उरली नाही.

दैव आणि कौशल्य यांचा हा प्रश्न पटापुरता राहिला नाही, कचेरीत गेला. १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगारावर निर्बंध घातले, पण निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून वगळले. म्हणजे कोणता खेळ दैवाचा आणि कोणता कौशल्याचा हे ठरवण्याचे काम न्यायालयाकडे आले. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग वरचढ असल्याचे म्हटले. सारीपाट न्यायालयात उभा राहिला असता तर तीन फाशांची वाटणी त्याच्या बाजूने साक्षीला आली असती.

न्यायालयात गेला तो त्याचा नातू. नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरच्या फोनवर पोचला. पाठोपाठ पैसे लावून खेळायची लुडोची ॲप्स वाढली. २०२१ मध्ये अशाच एका ॲपविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका आली : पैसे लावलेला लुडो हा दैवाचा खेळ, म्हणून जुगार ठरवावा. उच्च न्यायालयाने राज्य सरकारचे म्हणणे मागवले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ दैवाचा की कौशल्याचा हा भेद त्यात ठेवलाच नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याची बायको या कायद्याच्या बाजूने उभी राहिली असती. म्हाळसेला बहुधा तो मान्य झाला नसता, पण तिचा पण पैशाचा नव्हता.

सारीपाट जिवंत करायचा तर संग्रहालयाची वाट पाहावी लागत नाही. शहाण्णव घरे आखायला जुनी चादर पुरते. लांबट फासे मिळाले नाहीत तर साध्या फाशावरचे तीन आणि चार बाद धरून ते आले की तो फासा पुन्हा टाकावा; शक्यता तंतोतंत तीच राहते. अवघड आहे ती नियमांची गोष्ट. ते बहुतेक तोंडी होते, घरागणिक वेगळे होते. दोन फासे की तीन, जोडीचे दान पडल्यास पुन्हा टाकायचे की नाही, जुग कशाने मरतो, यांवर डाव सुरू होण्याआधीच वाद घालून ठरवावे लागे. घरातल्या ज्या आजीला ते ठाऊक आहेत तिच्याकडून ते लिहून घेतले नाहीत, तर पुढच्या पिढीला अबुल फजलवर विसंबावे लागेल, आणि त्याने सोलापूरच्या फरशीवरचा खेळ पाहिला नव्हता.

एक नियम मात्र जवळजवळ सर्वत्र सारखा. चौकात शिरायला नेमके दान लागते. दोन घरे उरली असताना पाच पडून उपयोग नाही. आणि प्रदक्षिणा पुरी करून मधल्या ओळीने वर चढणारी सोंगटी आडवी ठेवतात. त्याच ओळीत नुकत्याच निघालेल्या सोंगट्या उभ्या असतात. जाणारी कोण आणि परतणारी कोण, हे समोरच्याला पटकन कळावे म्हणून.